मुलांच्या शाळेपुरतं फ्रेंच: काय पाठ करावं आणि कसं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सप्टेंबरपासून दोन्ही मुलं फ्रान्समधल्या सरकारी शाळेत जाणार आहेत. मुलगा सात वर्षांचा, मुलगी अकराची. तुमचं फ्रेंच ए-वन, म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीचं. धड्यातले संवाद पाठ आहेत, पण शाळेत बाईंसमोर उभं राहिल्यावर तोंडातून शब्द फुटेल याची खात्री नाही. शाळेच्या रोजच्या कामाला लागणारी वाक्यं कशी शिकावीत, आणि मुलं तर भराभर शिकतील, मग त्यांनाच दुभाषी केलं तर चालेल का? मी बरीच वर्षं मराठी माणसांना फ्रेंच शिकवते आणि तिकडे राहायला गेलेल्या पालकांबरोबर शाळेच्या बैठकींना मध्यस्थ म्हणून बसलेही आहे. त्या अनुभवावरून सांगते.

पुस्तकातला 'शाळा' हा धडा सध्या बाजूला ठेवा. त्यात खडू, फळा, बाक, खिडकी असतं. पालकाला शाळेत 'फळा' हा शब्द वर्ष वर्ष लागत नाही. पालक ठरावीक प्रसंगांतच बोलतो: फाटकावर मुलाला सोडताना-आणताना, गैरहजेरी कळवताना, जेवणाचं ठरवताना, वहीत आलेल्या चिठ्ठीला उत्तर देताना, बाईंना भेटताना. शिवाय घरी मुलांच्या तोंडून येणारं शाळेचं फ्रेंच. प्रत्येक प्रसंगाची चार-पाच वाक्यं अख्खी पाठ करायची आणि त्यांना समोरून काय उत्तर येऊ शकतं तेही त्यांच्यासोबतच पाठ करायचं. हा दुसरा भाग बहुतेक जण सोडून देतात आणि तिथेच अडतात. घोटून पाठ केलेला प्रश्न तुम्ही सफाईने विचारता, समोरच्याला वाटतं यांना छान येतं, आणि तो नेहमीच्या वेगाने सुरू होतो.

उच्चारांबद्दल एकदाच सांगून टाकते. खाली मी सगळं देवनागरीत लिहिते आहे, पण हा नुसता टेकू आहे. प्रत्येक वाक्य एकदा तरी कानाने ऐका. 'आं', 'ओं', 'अँ' हे नाकातले स्वर आहेत, त्यांच्या शेवटी 'न' किंवा 'म' उच्चारायचा नाही. 'यू' लिहिलंय तिथे ओठ 'ऊ'चे आणि जीभ 'ई'ची. 'ऽ' लिहिलंय तिथे ओठ गोल ठेवून 'ए' म्हणायचा. 'झ' म्हणजे इंग्रजी 'व्हिजन'मधला घासलेला 'ज', आणि टिंब दिलेला 'ज़' म्हणजे इंग्रजी झेड. 'र' घशातून येतो. नाही जमला तर आपला मराठी 'र' म्हणा, कुणाचं काही अडत नाही.

आता इयत्ता. शाळेत पहिला प्रश्न हाच येतो: 'इल ए आं केल क्लास?', तो कितवीत आहे? प्राथमिक शाळेच्या पाच इयत्तांना आद्याक्षरांची नावं आहेत: 'से पे', 'से अ अँ', 'से अ दऽ', 'से एम अँ', 'से एम दऽ'. ज्या कॅलेंडर वर्षात मूल सहा पूर्ण करतं, त्या वर्षीच्या सप्टेंबरात ते 'से पे'त बसतं. म्हणजे यंदा सात पूर्ण करणारा मुलगा 'से अ अँ'त: 'इल एतां से अ अँ.' यंदा अकरा पूर्ण करणारी मुलगी 'सिज़्येम'मध्ये: 'एल एतां सिज़्येम.' 'सिज़्येम' म्हणजे सहावी, हिशोबही जुळतो, त्यामुळे इथवर मराठी पालक खुशीत असतो. पुढच्या वर्षी मुलगी 'सँक्येम'ला म्हणजे 'पाचवी'ला जाते आणि त्याच्या पोटात गोळा येतो. तिथे आकडे उतरत जातात: सहा, पाच, चार, तीन, मग 'सगोंद', 'प्रम्येर' आणि शेवटी 'तेर्मिनाल'. आकडा कमी झाला म्हणजे मूल मागे पडलं असं नाही. खरंच वर्ष पुन्हा करावं लागलं तर त्याला 'रदूब्ले' असं वेगळं क्रियापद आहे, ते ऐकू आलं तर मात्र कान टवकारा.

'सिज़्येम' ते 'त्र्वाज़्येम' या चार वर्षांच्या शाळेला 'कोलेझ' म्हणतात. अकरा वर्षांची मुलगी कोलेझात जाते हे नातेवाइकांना फोनवर सांगाल तेव्हा जरा समजावून सांगा. त्यापुढची तीन वर्षं 'लिसे'. प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका 'दिरेक्त्रीस', कोलेझचे प्रमुख 'प्रँसिपाल', लिसेचे 'प्रोव्हिज़र'. लहान मुलं बाईंना 'मेत्रेस' म्हणतात, सरांना 'मेत्र'. कोलेझपासून सगळे 'प्रोफ'. पालकाने मात्र 'मादाम' किंवा 'मस्यऽ' म्हणावं.

फाटकावरचं बोलणं 'बोंजूर मादाम'ने सुरू होतं, दुसऱ्या कशानेही नाही. घाईत असाल, मूल रडत असेल, तरी आधी बोंजूर. ते गाळून थेट प्रश्न विचारला तर वाक्य व्याकरणाने कितीही अचूक असो, उद्धट वाटतं. त्यानंतर स्वतःची ओळख: 'झ स्वी ला मामां द मिहीर', किंवा वडील असतील तर 'ल पापा द मिहीर'. मुलीचं नाव इरा असेल तर मात्र 'ला मामां दीरा', कारण नाव स्वराने सुरू झालं की 'द'मधला स्वर गळून पुढच्या नावाला चिकटतो. आपल्या मुलांच्या नावांनी हे वाक्य कसं होतं ते घरीच ठरवून घ्या.

घ्यायला गेलात की 'झ व्ह्यँ शेर्शे मों फीस'. मुलीसाठी 'मा फीय'. 'फीस'मध्ये लिहिलेला 'ल' उच्चारत नाहीत आणि शेवटचा 'स' उच्चारतात, नेमकं नेहमीच्या नियमाच्या उलट. दुसरं कुणी येणार असेल तर 'से सा ग्रां-मेर की व्ह्यँद्रा ल शेर्शे', त्याला घ्यायला आजी येईल. मुलगी असेल तर 'ल'च्या जागी 'ला'. बालवाडीच्या, म्हणजे 'मातेर्नेल'च्या वयाच्या मुलांना तर ज्यांची नावं आधी लेखी दिली आहेत त्यांच्याच हाती सोपवतात, तेव्हा हे वाक्य ऐनवेळी नाही, आधी कागदावर लागतं. उशीर झाला तर 'देज़ोले, ओनेतां रतार'.

वेळा चोवीस तासांच्या घड्याळाने सांगतात. शाळा साडेचारला सुटत असेल तर बाई 'आ सेज़र त्रांत' म्हणतात, सोळा तीस. आकडा आणि 'अर' (तास) जोडताना उच्चार बदलतात: दहा 'दीस' पण दहा वाजता 'दीज़र', नऊ 'नफ' पण नऊ वाजता 'नव्हर', आठ 'वीत' आणि आठ वाजता 'वीतर'. हे तक्त्यावरून शिकायच्या भानगडीत पडू नका. तुमच्या मुलांच्या शाळेच्या दिवसाला चारच वेळा असतात: फाटक उघडायची, जेवणाची, जेवणानंतर वर्ग भरायची आणि सुटायची. तेवढ्या चार जिभेवर बसवा.

तू-तुम्हीचं आपल्याला सोपं जातं. बाईंना, कचेरीतल्यांना, अनोळखी पालकांना 'व्हू'. बाई मुलांना 'त्यू' म्हणतील, मुलं बाईंना लहान वर्गांत तेही 'त्यू' म्हणतात. त्यावरून तुम्ही अंदाज बांधू नका. ओळख वाढली की एखादी आई स्वतःच म्हणेल, 'ओं पऽ स त्यूत्वाये?' आपण एकेरीवर येऊ या का? 'उई, ब्यँ स्यूर' म्हणायचं आणि तिथून पुढे खरंच एकेरीत बोलायचं, नाहीतर तिला तुम्ही अंतर ठेवताय असं वाटतं.

गैरहजेरी कळवणं हा सगळ्यात वरचेवर येणारा प्रसंग, आणि तो फोनवर येतो, म्हणजे हातवारे कामाचे नाहीत. कोलेझमध्ये हजेरी, उशीर, शिस्त बघणाऱ्या कचेरीला 'व्ही स्कोलेर' म्हणतात. तिथे फोन लावून हे वाक्य एका दमात म्हणायचं: 'बोंजूर मादाम, झ व्हूज़ापेल पूर सिन्याले लाप्सांस द मा फीय, इरा जोशी, आं सिज़्येम बे.' माझी मुलगी सहावी ब मध्ये आहे, ती आज येणार नाही हे कळवायला फोन केलाय. पलीकडून दोनच प्रश्न येण्यासारखे आहेत. एक, 'से पूर केल रेज़ों?', कारण काय? दुसरा, 'एल रव्ह्यँ कां?', परत कधी येणार? पहिल्याला उत्तर 'एला द ला फिएव्र', ताप आहे. किंवा 'एला माल ओ व्हांत्र', पोट दुखतंय. 'माल आ ला तेत', डोकं. 'माल आ ला गोर्झ', घसा. डॉक्टरकडे जायचं असेल तर 'एला रांदेव्हू शे ल मेद्सँ'. दुसऱ्याला उत्तर 'एल रव्ह्यँद्रा लँदी', सोमवारी येईल. सात वार आणि तीन-चार दुखणी एवढाच बदलणारा भाग. बाकी वाक्य जसंच्या तसं.

नाव सांगताना मात्र घात होतो. आपण सवयीने इंग्रजी अक्षरं बोलतो. फ्रेंचमध्ये 'जी' अक्षराला 'झे' म्हणतात आणि 'जे' अक्षराला 'झी'. म्हणजे तुम्ही 'जे' म्हणालात की पलीकडचा माणूस 'जी' लिहितो. 'ई' म्हणालात की तो 'आय' लिहितो, कारण त्यांच्याकडे 'आय'चं नाव 'ई' आणि आपल्या 'ई'चं नाव 'अ'. 'एच' म्हणजे 'आश', 'डब्ल्यू' म्हणजे 'दूब्ल व्हे', 'वाय' म्हणजे 'इग्रेक'. जोशी हे आडनाव असं सांगायचं: 'सा सेक्री झी, ओ, एस, आश, ई.' स्वतःचं आणि मुलांचं नाव-आडनाव या अक्षरांत दहादा म्हणून ठेवा. वाक्य विसरलं तर चालेल, हे विसरून चालणार नाही. फाइल चुकीच्या नावाने उघडली की निस्तरायला फार वेळ जातो.

त्यातच दुसरी गोष्ट: कागदावरचं नाव बाई फ्रेंच पद्धतीने वाचतात. 'एच' मूक असल्यामुळे मिहीरचा 'मिइर' होतो, 'सी-एच'चा उच्चार 'श' असल्यामुळे चिन्मयचा 'शँमे' होऊ शकतो. पहिल्याच भेटीत 'सा स प्रोनोंस चिन्मय' असं हसून सांगा. एकदा सांगितलं की बहुतेक बाई मनापासून प्रयत्न करतात. मूल हे स्वतः सांगायला लाजतं.

जेवण. प्राथमिक शाळेच्या 'कांतीन'ची नोंदणी शाळेत नाही, नगरपालिकेत म्हणजे 'मेरी'त होते, तेव्हा ही वाक्यं तिथे लागतील. 'इल मांझ आ ला कांतीन?' विचारतील, 'उई, ल लँदी ए ल झऽदी', दर सोमवारी आणि गुरुवारी, असं उत्तर. इथे 'ल' महत्त्वाचा. 'झऽदी' म्हणजे येता गुरुवार, 'ल झऽदी' म्हणजे दर गुरुवारी. शाकाहारी असाल तर 'इल ए व्हेझेतार्यँ' एवढ्यावर थांबू नका, कारण अनेकांच्या लेखी त्यात अंडं बसतं आणि कुणाकुणाच्या लेखी मासाही. काय चालत नाही ते एकेक करून सांगा: 'पा द व्ह्यांद, पा द प्वासों, पा दऽ.' मांस नाही, मासा नाही, अंडी नाहीत. एकवचनी अंडं 'अफ', अनेक अंडी नुसतं 'अऽ', म्हणून शेवटी 'पा दऽ'. आणि 'प्वासों'मधला 'स' स्वच्छ म्हणा. 'प्वाज़ों' म्हटलंत तर 'विष नको' असा अर्थ होईल. तेही खरंच आहे म्हणा. २०१९ पासून शाळांच्या कांतीनमध्ये आठवड्यातून किमान एकदा शाकाहारी जेवण देणं बंधनकारक आहे. उरलेल्या दिवसांचं काय ते 'एस किल या अँ मन्यू व्हेझेतार्यँ तू ले झूर?', रोज शाकाहारी जेवण असतं का, असं विचारून घ्या. अ‍ॅलर्जी असेल तर तोंडी सांगून भागत नाही. 'इलेतालेर्झीक ओज़ाराशीद', त्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, एवढं बोलून लगेच 'पे आ ई' मागा. त्या नावाचं लेखी पत्रक डॉक्टरच्या मदतीने भरून शाळेत ठेवावं लागतं.

बुधवारची वेगळीच तऱ्हा. बऱ्याच गावांत प्राथमिक शाळेला बुधवारी अख्खी सुट्टी, काही ठिकाणी फक्त सकाळी शाळा. 'ल मेर्क्रदी, या पा एकोल' हे वाक्य कानावर पडेलच. पूर्वी ही मधली सुट्टी गुरुवारी असे, १९७२ मध्ये ती बुधवारी आली. 'कधीच नाही' या अर्थाने 'ला स्मेन दे कात्र झऽदी', चार गुरुवारांचा आठवडा, असं जुनी माणसं म्हणतात, त्याचा संबंध त्या सुट्टीशी जोडतात. नोकरी करणाऱ्या पालकांनी मात्र बुधवारी मुलाला कुठे ठेवायचं याची चौकशी जूनमध्येच करावी.

आता वही. प्राथमिक शाळेत मुलाच्या दप्तरात 'काये द लिएज़ों' असते, शाळा आणि घर यांच्यातला पत्रव्यवहार त्यात चालतो. कोलेझमध्ये 'कार्ने द कोरेस्पोंदांस', आणि बऱ्याच ठिकाणी 'प्रोनोत' नावाचं अ‍ॅप. बाई म्हणाल्या, 'इल या अँ मो दां ल काये', तर तो 'मो' म्हणजे शब्द नव्हे, चिठ्ठी. चिठ्ठ्यांची भाषा ठोकळेबाज असते आणि म्हणूनच लवकर हाती येते. 'इल फो' दिसलं की काहीतरी करायचंय: 'इल फो आपोर्ते अँ पिकनिक', डबा द्यायचाय. 'मेर्सी द सिन्ये' हे आभार नाहीत, ती गोड शब्दांतली आज्ञा आहे: सही करा. 'अव्हां व्हांद्रदी' म्हणजे शुक्रवारच्या आत. 'सोर्ती' म्हणजे सहल, 'ओतोरिज़ास्यों' म्हणजे संमतीपत्र, 'आतेस्तास्यों दास्यूरांस' म्हणजे विम्याचा दाखला. दिवसभराच्या सहलीला तो मागतातच, तो आधी काढून ठेवा. वाचलं हे कळवायला पालक 'व्ह्यू' लिहून सही करतात. बस, एवढंच. सुरुवातीला लोक तिथे चार ओळींचं आभारपत्र लिहितात, त्याची काही गरज नसते.

तुम्ही स्वतः 'मो' लिहाल तेव्हा मजकूर फोनवरच्या वाक्यांसारखाच, फक्त एक बदल: बोलताना लोक नकारातला 'न' सर्रास गाळतात ('इल व्ह्यँद्रा पा'), लिहिताना तो गाळू नका ('इल न व्ह्यँद्रा पा'). शेवटी 'कोर्दियालमां' आणि सही.

सप्टेंबरच्या आधी 'फूर्नित्यूर'ची, म्हणजे सामानाची यादी येते. तिच्यात 'ग्रां कारो' असं लिहिलेल्या वह्या असतील. ही १८९२ पासूनची 'सेयेस' रेघांची खास फ्रेंच वही, साध्या चौकटींची आणली तर परत जावं लागेल. यादी दुकानदारापुढे धरा. इथे बोलायची फारशी गरज नाही.

भेटीचा प्रसंग सगळ्यात अवघड, म्हणून तिथे जास्त वेळ द्या. भेट मागायला 'झ व्हूद्रे प्रांद्र रांदेव्हू आव्हेक व्हू'. 'झ व्हऽ' म्हणजे 'मला हवंय' असं तोडून म्हणू नका, 'झ व्हूद्रे'च म्हणा. बसल्यावर पहिला प्रश्न: 'कोमां सा स पास आं क्लास?', वर्गात कसं चाललंय? इथून पुढे बाई बोलतात आणि तुम्ही ऐकता, म्हणून त्यांची वाक्यं पाठ हवीत.

'इल ए साझ': शांत, शहाण्यासारखा वागतो. 'इल बाव्हार्द': वर्गात गप्पा मारतो. 'इल ए तिमीद': बुजरा आहे. 'इल पार्तिसीप पा आसे': पुरेसा बोलत नाही, हात वर करत नाही. 'इल स्वी ब्यँ': शिकवलेलं नीट उमगतंय. 'इला फे दे प्रोग्रे': प्रगती आहे, आणि हे त्या उगाच म्हणत नाहीत. मग एक वाक्य असं येईल की ज्यावर अनेक पालक दचकतात: 'इला द्यू माल आं लेक्त्यूर.' तुम्ही नुकतंच शिकलेलं असतं की 'इला माल' म्हणजे दुखतंय. एका बैठकीत माझ्या शेजारचे वडील ताबडतोब विचारते झाले, वाचताना डोळे दुखतात का? मध्ये 'द्यू' आला की दुखणं संपलं. 'इला द्यू माल' म्हणजे त्याला ते जड जातं, जमायला वेळ लागतोय. वाचन जड जातंय, एवढंच त्या सांगत होत्या.

त्यावर तुमचा पुढचा प्रश्न तयार असावा: 'केस क झ पऽ फेर आ ला मेज़ों पूर लेदे?', घरी मी त्याला मदत म्हणून काय करू? माझ्या मते अख्ख्या शाळेच्या फ्रेंचमधलं हे सर्वांत मोलाचं वाक्य आहे. याने बाई मूल्यमापनाची भाषा सोडून ठोस कामावर येतात: रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचा, ही कविता पाठ करून घ्या. आणि ठोस कामाचं फ्रेंच समजायला सोपं असतं.

नाही समजलं तर 'उई, उई' म्हणत मान हलवू नका. ही सवय आपल्याकडच्या भिडेपोटी येते आणि नुकसान करते. 'पार्दों, झ ने पा कोंप्री.' 'व्हू पूव्हे पार्ले प्ल्यू लांतमां, सिल व्हू प्ले?' आणि यापेक्षाही उपयोगी, 'व्हू पूव्हे म लेक्रीर?', मला लिहून द्याल का? लिहिलेलं घरी शांतपणे उलगडता येतं. उठण्याआधी 'सी झे ब्यँ कोंप्री...', मला बरोबर समजलं असेल तर, असं म्हणून तारीख, वेळ, काम आपल्या मोडक्या शब्दांत परत सांगा. चूक असेल तर तिथेच दुरुस्त होते.

गुणांचं थोडक्यात. कोलेझ-लिसेत गुण वीसपैकी देतात, 'कँज़ स्यूर व्हँ' म्हणजे वीसपैकी पंधरा. टक्केवारीत भाषांतर करून मुलीला रागावू नका. लिसेच्या शेवटी होणाऱ्या 'बाक'च्या परीक्षेत बारा गुणांना 'आसे ब्यँ', चौदाला 'ब्यँ' आणि सोळाला 'त्रे ब्यँ' असा शेरा मिळतो, यावरून मोजमाप लक्षात येईल. प्रगतिपुस्तक म्हणजे 'ब्युल्तँ'. त्यात 'पऽ म्यऽ फेर' असेल तर अर्थ 'याहून चांगलं करू शकते', आणि सूर किंचित नाराजीचा. 'एल पास अँनेग्ज़ामँ' म्हणजे ती परीक्षेला बसते आहे, पास झाली असं नाही. पास झाली तर 'एला रेयूसी', हुकली तर 'एला राते'.

घरचं बोलणं. प्राथमिक शाळेत लेखी गृहपाठ द्यायला १९५६ च्या परिपत्रकापासून बंदी आहे, पण वाचन, पाढे, कविता, शुद्धलेखनाचे शब्द असं काहीतरी रोज असतंच, आणि मुलं त्याला 'दव्वार'च म्हणतात. 'ता दे दव्वार पूर दमँ?', उद्याचा अभ्यास आहे का? नुसतं 'सा व्हा लेकोल?' विचाराल तर 'उई' एवढंच उत्तर मिळेल. 'ता झ्वे आव्हेक की आ ला रेक्रे?', मधल्या सुट्टीत कोणाशी खेळलास, असं विचारा. मुलगी थोड्याच दिवसांत वेगळंच बोलायला लागेल: 'झे अँ त्रू' म्हणजे मधला तास मोकळा आहे, 'झ स्वीज़ां पेर्म' म्हणजे त्या तासाला देखरेखीच्या खोलीत बसले आहे, 'पियों' म्हणजे तिथले देखरेख करणारे, 'सेशे' म्हणजे तास बुडवणं, 'झे एते कोले' म्हणजे शिक्षा म्हणून शाळेत थांबवलं. हे शब्द तुम्ही वापरू नका, ओळखा. चाळिशीतला पालक 'पियों' म्हणाला की मुलं हसतात, कचेरीतले हसत नाहीत.

सराव कसा करायचा? एका वेळी एकच प्रसंग घ्या. तुम्ही पालक आणि घरातलं कुणी बाई व्हा, मग उलट करा. बाईंची वाक्यं स्वतः बोलल्याशिवाय ती कानाला लागत नाहीत. फोनचं वाक्य खरंच फोन कानाला लावून, उभं राहून म्हणा. त्यात एकच शब्द बदला: ताप, पोट, घसा, सोमवार, मंगळवार. अडखळल्याशिवाय बदलता आला की पुढचा प्रसंग. व्याकरण यामागून येऊ दे. 'व्ह्यँद्रा' हा भविष्यकाळ आहे हे नंतर कळलं तरी चालतं. ऐकायला फ्रान्सच्या सरकारी दूरचित्रवाणीचा 'ल्युमनी' हा शालेय मुलांसाठीचा मंच चांगला, बोलणं स्वच्छ आणि विषय मुलांच्या वर्गातलेच. तिकडे पोचल्यावर शाळेत 'ऊव्हरीर लेकोल ओ पारां' या उपक्रमाची चौकशी करा. परदेशातून आलेल्या पालकांना शाळेच्याच आवारात मोफत फ्रेंच शिकवायचा हा सरकारी कार्यक्रम २००८ पासून आहे. सगळ्या शाळांत नसतो, पण जवळच्या एखाद्या शाळेत सापडू शकतो. मुलांसाठी 'यू पे अ दऽ आ' नावाचे वर्ग असतात, नव्याने आलेल्या आणि फ्रेंच न येणाऱ्या मुलांना रोजच्या वर्गाबरोबर फ्रेंच शिकवणारे. 'एस किल या यून यू पे अ दऽ आ दां लेकोल?' हे प्रवेशाच्या वेळीच विचारा.

राहिला मुलांना दुभाषी करायचा प्रश्न. दुकानात, बसमध्ये खुशाल करा. शाळेत नको. सात वर्षांच्या मुलाने 'इल बाव्हार्द'चं भाषांतर प्रामाणिकपणे करावं ही अपेक्षाच चुकीची, आणि अकरा वर्षांच्या मुलीवर स्वतःच्या अडचणी स्वतःच आईवडिलांना समजावून सांगायची वेळ आणणं त्याहून वाईट. मोठी बैठक असेल तर भेट ठरवतानाच 'एस क झ पऽ व्हनीर आव्हेक केल्कँ की त्राद्वी?' असं विचारा, भाषांतर करणाऱ्या कुणाला सोबत आणलं तर चालेल का? साधारणपणे 'ब्यँ स्यूर' असंच उत्तर येतं. मग वर्गातल्या दुसऱ्या मुलाचे पालक सोडून, बाहेरचा कुणी ओळखीचा माणूस न्या.